सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांमधील पॅकेज-बदलांचे स्वयंचलित दस्तऐवजीकरण : डेबियन व कोहा यांच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : पॅकेज, आवृत्ती-क्रमांक, बदलनोंद, प्रकाशन-टीप, डेबियन, कोहा, ग्रंथालय स्वयंचलन

प्रास्ताविक

महाविद्यालयीन ग्रंथालयात ग्रंथपडताळणी होते तेव्हा एका हाती दाखलनोंदवही आणि दुसऱ्या हाती प्रत्यक्ष कपाटातील ग्रंथ अशी तुलना चालते. कोणते ग्रंथ नव्याने आले, कोणते बाद झाले, कोणत्या ग्रंथाची जुनी आवृत्ती जाऊन सुधारित आवृत्ती आली, हे त्यातून निष्पन्न होते. ज्या संगणकावर याच ग्रंथालयाची तालिका चालते, त्या संगणकातील सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र अशी पडताळणी क्वचितच केली जाते. नॅकच्या स्वयं-अध्ययन अहवालात ग्रंथालय स्वयंचलनाच्या संदर्भात सॉफ्टवेअरचे नाव, स्वयंचलनाचे स्वरूप, आवृत्ती आणि वर्ष ही माहिती विचारली जात आली आहे. त्यातील ‘आवृत्ती’ हा रकाना बहुधा एकदा भरला जातो आणि पुढील मूल्यांकनापर्यंत त्याकडे कोणी पाहत नाही. दरम्यानच्या काळात त्या एका क्रमांकाच्या पाठीमागे शेकडो घटक बदललेले असतात.

हे बदल कोण नोंदवतो, कसे नोंदवतो, त्यातील किती काम यंत्राकडून करून घेता येते आणि कोणते काम यंत्राला करता येत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. विवेचनासाठी डेबियन हे मुक्त सॉफ्टवेअर-वितरण प्रामुख्याने आणि कोहा ही ग्रंथालय-प्रणाली अनुषंगाने निवडली आहे. अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत कोहा वापरात आहे, आणि कोहाची स्थापना बहुतांशी डेबियन अथवा त्यावर आधारित उबुंटू या प्रणालीवर केली जाते. त्यामुळे संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांनाही हा विषय अगदीच परका वाटू नये.

पॅकेज म्हणजे काय व त्याचा व्याप किती

सॉफ्टवेअरचा एखादा घटक, तो कोठे बसवावयाचा याची माहिती, त्याला अन्य कोणत्या घटकांची गरज आहे याची यादी आणि त्याचा आवृत्ती-क्रमांक, हे सर्व एकत्र बांधून तयार केलेले गाठोडे म्हणजे पॅकेज होय. इयान मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. आज या प्रकल्पात पॅकेज तयार करणारे परिरक्षक जगभर विखुरलेले आहेत. मूळ सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे आणि त्याचे पॅकेज बांधणारे वेगळे, ही विभागणी येथे ध्यानात ठेवावी. दस्तऐवजीकरणातील निम्म्या अडचणी याच विभागणीतून उद्भवतात.

डेबियनची स्थिर आवृत्ती साधारणतः दोन वर्षांनी येते. १० जून २०२३ रोजी प्रकाशित झालेल्या ‘बुकवर्म’ या बाराव्या आवृत्तीत एकूण ६४,४१९ पॅकेजे होती. ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रकाशित झालेल्या ‘ट्रिक्सी’ या तेराव्या आवृत्तीत ही संख्या ६९,८३० झाली. प्रकाशनाच्या घोषणेनुसार तेराव्या आवृत्तीत १४,१०० हून अधिक पॅकेजे नवी होती, ८,८४० हून अधिक कालबाह्य म्हणून काढली गेली आणि ४४,३२६ पॅकेजे अद्ययावत झाली. जिज्ञासूंनी येथे थोडी वजाबाकी करून पाहावी. जुन्या संख्येतून काढलेली पॅकेजे वजा केल्यास ५५,५७९ उरतात, तर नव्या संख्येतून नवी वजा केल्यास ५५,७३०. हा १५१ चा फरक ‘हून अधिक’ या शब्दांत सामावलेला आहे. घोषणेतील आकडे ढोबळ असतात, परंतु ज्याला आपला सर्व्हर सांभाळावयाचा आहे त्याचे काम ढोबळ आकड्यांवर भागत नाही. चव्वेचाळीस हजार बदल कोणी हाताने लिहून काढील, हेही संभवत नाही. स्वयंचलनाची गरज येथून सुरू होते.

याद्यांची तुलना

डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीसोबत तिच्या भांडारात ‘पॅकेजेस’ नावाची सूची-फाइल असते. तीत प्रत्येक पॅकेजसाठी एक परिच्छेद असून त्यात नाव, आवृत्ती, मूळ स्रोताचे नाव, अवलंबित्व, विभाग, थोडक्यात वर्णन अशा ओळी ठरावीक पद्धतीने लिहिलेल्या असतात. दोन आवृत्त्यांच्या दोन सूची घ्याव्यात, प्रत्येकीतून नाव व आवृत्ती वेगळी काढावी आणि नावांच्या दोन संचांची तुलना करावी. केवळ नव्या संचात असलेली नावे म्हणजे नवी पॅकेजे, केवळ जुन्या संचात असलेली म्हणजे वगळलेली पॅकेजे आणि दोहोंत असून क्रमांक भिन्न असलेली म्हणजे अद्ययावत पॅकेजे. संच-सिद्धान्ताचा पदवीच्या प्रथम वर्षातील भाग येथे पुरेसा आहे, आणि पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी असा कार्यक्रम एका तासिकेत लिहू शकतो.

अशा कार्यक्रमाने दिलेले उत्तर मात्र जसेच्या तसे स्वीकारता येत नाही, कारण पॅकेजचे नाव ही त्याची कायमची ओळख नव्हे. डेबियन ७ च्या सुमारास टंकांच्या पॅकेजांची नावे एका नव्या संकेतानुसार बदलण्यात आली. ‘टीटीएफ-’ हा उपसर्ग जाऊन ‘फॉण्ट्स-’ हा उपसर्ग आला. देवनागरी टंक असलेले ‘टीटीएफ-देवनागरी-फॉण्ट्स’ हे पॅकेज ‘फॉण्ट्स-देवा’ झाले. नावांची यांत्रिक तुलना करणारा कार्यक्रम येथे सांगेल की देवनागरीचे टंक काढून टाकण्यात आले. मराठी तालिका चालविणाऱ्या ग्रंथपालाच्या छातीत धडकी भरावी असे हे विधान, पण ते सर्वस्वी असत्य असते.

याहून मोठे उदाहरण तेराव्या आवृत्तीतच आहे. बत्तीस बिटांच्या प्रणालींवर काळ मोजण्याची जुनी पद्धत १९ जानेवारी २०३८ रोजी संपुष्टात येणार आहे, कारण १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांची संख्या त्या दिवशी बत्तीस बिटांत मावेनाशी होईल. यावर उपाय म्हणून काळाची मोजणी चौसष्ट बिटांवर नेण्यात आली आणि या बदलाचा परिणाम होणाऱ्या शेकडो सामायिक लायब्रऱ्यांच्या नावांपुढे ‘टी६४’ हा प्रत्यय जोडला गेला. ‘लिबएसएसएल३’ चे ‘लिबएसएसएल३टी६४’ झाले. नावांची तुलना केल्यास एकच वस्तू ‘वगळली’ या ढिगात एकदा आणि ‘नवी’ या ढिगात एकदा अशी दोनदा मोजली जाते. (येथे ‘लायब्ररी’ म्हणजे अनेक कार्यक्रमांनी मिळून वापरावयाचा संकेतसंग्रह होय. आपल्या ग्रंथालयाशी तिचा संबंध नाही, हे सांगणे या लेखापुरते तरी आवश्यक आहे.) लिनक्स कर्नेलच्या पॅकेजांतही हाच प्रकार दिसतो, कारण त्यांच्या नावातच आवृत्ती-क्रमांक गुंफलेला असतो.

यावर तोडगा असा की, तुलना स्थापित होणाऱ्या पॅकेजच्या नावाने न करता ते ज्या मूळ स्रोतापासून बांधले गेले त्या स्रोताच्या नावाने करावी. सूचीतील ‘सोर्स’ ही ओळ त्यासाठी उपयोगी पडते. ‘लिबएसएसएल३’ आणि ‘लिबएसएसएल३टी६४’ या दोहोंचा स्रोत ‘ओपनएसएसएल’ हाच आहे. कोण कोणाची जागा घेतो, हे सांगणाऱ्या ‘रिप्लेसेस’ व ‘प्रोव्हाइड्स’ या ओळीही पाहाव्यात. याशिवाय जुन्या नावाचे एक रिकामे पॅकेज काही काळ ठेवून त्याला नव्या नावावर अवलंबून ठेवण्याची प्रथा आहे. ग्रंथसूचीतील ‘पाहा’ या निर्देश-नोंदीचाच हा प्रकार होय. अशी निर्देश-पॅकेजे ओळखून नव्यांच्या यादीतून वगळली नाहीत, तर यादी फुगते.

आवृत्ती-क्रमांकाची तुलना

दोन क्रमांकांपैकी मोठा कोणता, हा प्रश्न वरकरणी बाळबोध वाटतो. १.९ आणि १.१० यांपैकी मोठा कोणता? गणिताच्या वर्गात १.९ हे उत्तर बरोबर आहे. अक्षरक्रमानेही १.९ च नंतर येतो. परंतु सॉफ्टवेअरच्या रिवाजाप्रमाणे १.१० ही नववीनंतरची दहावी सुधारणा आहे, म्हणून तोच मोठा. कोहाचे उदाहरण घ्यावे. नोव्हेंबर २०१५ मधील आवृत्ती ३.२२ होती आणि तिच्या लगेच पुढील, मे २०१६ मधील आवृत्ती १६.०५ झाली. मधल्या बारा मुख्य आवृत्त्या गहाळ झाल्या असे नव्हे. क्रमांकन वर्ष व महिना यांवर नेण्यात आले, इतकेच. हे ज्ञान क्रमांकात नाही, प्रकल्पाच्या इतिहासात आहे.

डेबियनने या तुलनेचे नियम काटेकोरपणे ठरविले आहेत. क्रमांकाचे तीन भाग पडतात. आरंभी अपूर्णविरामाने तोडलेला ‘युग’ दर्शविणारा अंक, मध्ये मूळ प्रकल्पाचा क्रमांक आणि शेवटी संयोगचिन्हानंतर डेबियनची स्वतःची सुधारणा. मधल्या भागाची तुलना करताना अंकेतर अक्षरांचा गट आणि अंकांचा गट असे आळीपाळीने घेतले जातात. अंकांचा गट संख्या म्हणून तोलला जातो, म्हणून १० हे ९ पेक्षा मोठे ठरतात. ‘~’ या चिन्हाला एक विशेष स्थान आहे. ते शून्यापेक्षाही, किंबहुना काहीही नसण्यापेक्षाही लहान मानले जाते. त्यामुळे ‘१.०~बीटा१’ ही पूर्वपरीक्षणाची प्रत ‘१.०’ च्या आधी येते, जशी यायला हवी. मूळ प्रकल्पाने क्रमांकनाची पद्धतच बदलली आणि नवा क्रमांक जुन्याहून लहान दिसू लागला, तर ‘युग’ एकाने वाढवून सारा क्रम पुढे नेता येतो. मात्र एकदा वाढविलेले युग पुन्हा कमी करता येत नाही. ते त्या पॅकेजला कायमचे चिकटते. म्हणून परिरक्षक ते शक्यतो टाळतात.

ते टाळल्यामुळे काय घडते याचे उत्तम उदाहरण मार्च २०२४ मध्ये मिळाले. ‘एक्सझेड’ हे संकोचनाचे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्स प्रणालीत असते. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर घातलेला चोरदरवाजा आढळल्याचे आंद्रेस फ्रॉइंड यांनी २९ मार्च २०२४ रोजी जाहीर केले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत हा दोष पोहोचला नव्हता, परंतु चाचणी व अस्थिर शाखांत तो शिरला होता. तेथे जुनी निर्धोक प्रत तातडीने परत आणणे भाग होते. परंतु पॅकेज-व्यवस्थापक आपण होऊन लहान क्रमांकाकडे परत जात नाही. म्हणून परत आणलेल्या प्रतीला ‘५.६.१+रिअली५.४.५-१’ असा क्रमांक देण्यात आला. नाव ५.६.१ चे, आशय ५.४.५ चा. नियमाप्रमाणे हा क्रमांक ‘५.६.१-१’ हून मोठा ठरतो, म्हणून तुलना करणारा कार्यक्रम ‘पॅकेज अद्ययावत झाले’ असे निर्विकारपणे नोंदवील. प्रत्यक्षात ते जाणीवपूर्वक मागे नेलेले असते. क्रमांकातील ‘रिअली’ हा शब्द यंत्रासाठी लिहिलेला नसून तो माणसासाठी आहे, आणि नोंद तयार करणाऱ्या कार्यक्रमाने तो शोधून अशा पॅकेजांची यादी वेगळी दिली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बदलनोंद आणि तिच्यावर आधारित स्वयंचलन

याद्यांची तुलना ‘काय बदलले’ एवढेच सांगते. ‘का बदलले’ हे बदलनोंदीतून समजते. डेबियनच्या प्रत्येक स्रोत-पॅकेजमध्ये ‘चेंजलॉग’ ही फाइल अनिवार्य आहे. तिचा साचा ठरलेला आहे. पहिल्या ओळीत पॅकेजचे नाव, कंसात आवृत्ती, कोणत्या शाखेसाठी आणि किती निकडीचे, त्याखाली तारकांकित ओळींत बदलांचे वर्णन, आणि अखेरीस परिरक्षकाचे नाव व दिनांक. साचा पक्का असल्याने यंत्राला ती वाचता येते. किंबहुना पॅकेजची आवृत्ती कोणती हे बांधणीच्या वेळी याच फाइलीच्या पहिल्या ओळीवरून ठरते. नोंद आणि वस्तू यांत तफावत पडू नये म्हणून नोंदीलाच प्रमाण मानण्याची ही योजना प्रशासकीय दृष्ट्याही विचार करण्याजोगी आहे. तसेच एखाद्या ओळीत ‘क्लोझेस’ हा शब्द व दोषक्रमांक लिहिला, की पॅकेज भांडारात दाखल होताच दोषनोंद-प्रणालीतील ती तक्रार आपोआप निकाली निघते.

वापरकर्त्याच्या बाजूने ‘ॲप्ट-लिस्टचेंजेस’ हे साधन आहे. ते नव्या पॅकेजांतील बदलनोंदी उघडून, संगणकावर सध्या असलेल्या आवृत्तीनंतरच्या तेवढ्याच नोंदी वेगळ्या काढून दाखविते. सर्व बदलनोंदी वाचणे अशक्य असल्याने, वापरकर्त्याने काही कृती करणे आवश्यक आहे असे बदल ‘न्यूज’ या वेगळ्या फाइलीत लिहिण्याचा प्रघात आहे, आणि हे साधन केवळ त्याच दाखविण्यास सांगता येते. प्रस्तुत लेखकाच्या अनुभवात या दोन फाइलींमधील भेद ज्यांना ठाऊक आहे असे प्रणाली-प्रशासक महाविद्यालयांत थोडेच भेटतात.

या व्यवस्थेचा कच्चा दुवा कोठे आहे? शेकडो बदलनोंदींत एकच ओळ आढळते : मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती. ही ओळ खोटी नसते, परंतु तीत माहिती नसते. परिरक्षकाने पॅकेज बांधले, सॉफ्टवेअर दुसऱ्याने लिहिले, त्यामुळे आत काय बदलले हे लिहिण्याची जबाबदारी दोघांच्या मध्ये पडते. मूळ प्रकल्पाकडे जावे तर तेथे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ग्नू प्रकल्पात वापरकर्त्यासाठी ‘न्यूज’ आणि विकासकासाठी ‘चेंजलॉग’ असा विभाग पूर्वापार आहे. अन्यत्र काहीच नसते.

गेल्या काही वर्षांत बदलनोंद हाताने न लिहिता ‘गिट’ या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीतील कमिटच्या संदेशांवरून ती तयार करण्याकडे कल वाढला आहे. डेबियनमध्ये ‘जीबीपी डीसीएच’ आणि फेडोरामध्ये ‘आरपीएम-ऑटोस्पेक’ ही साधने हे काम करतात. कमिटचा संदेश चांगला असेल तर नोंद चांगली. संदेश ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढाच असेल तर यंत्र शंभर वेळा ‘किरकोळ दुरुस्ती’ असे शुद्धलेखन करून देईल.

या संदर्भात कोहाची पद्धत थोडी तपशिलाने पाहण्याजोगी आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी कोहा तयार झाली आणि जानेवारी २००० मध्ये प्रत्यक्ष वापरात आली. जुनी प्रणाली २००० सालची तारीख हाताळू शकत नव्हती, हे तिच्या निर्मितीचे एक निमित्त होते. तारखेच्या प्रश्नाने एका ग्रंथालय-प्रणालीला जन्म दिला आणि चौथ्या दशकातील अशाच प्रश्नाने डेबियनच्या पॅकेजांची नावे बदलली, हा योगायोग जाता जाता नमूद करावासा वाटतो. आज कोहाच्या मुख्य आवृत्त्या मे व नोव्हेंबरमध्ये आणि देखभालीच्या आवृत्त्या दरमहा येतात. इतक्या वारंवार येणाऱ्या आवृत्त्यांची प्रकाशन-टीप हाताने लिहिणे स्वयंसेवकांना परवडणारे नाही, आणि ती हाताने लिहिली जातही नाही. ती कार्यक्रमाने तयार झाल्याचा निर्देश टिपेच्या अखेरीस दिलेला असतो.

कोहाच्या संकेतात केलेला प्रत्येक बदल दोषनोंद-प्रणालीतील एखाद्या क्रमांकाशी बांधलेला असावा लागतो आणि कमिटच्या पहिल्या ओळीचा आरंभ त्या क्रमांकाने होतो. टीप तयार करणारा कार्यक्रम दोन आवृत्त्यांच्या दरम्यानचे सर्व कमिट चाळतो, क्रमांक गोळा करतो, दोषनोंद-प्रणालीकडून त्या प्रत्येकाचे शीर्षक, विभाग व स्वरूप मागवितो आणि ग्रंथ-देवघेव, तालिकीकरण, वाचकांसाठीची तालिका अशा विभागांखाली त्यांची मांडणी करतो. देवघेव सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने देवघेवीचा विभाग वाचला तरी त्याचे काम होते. येथपर्यंतचे सर्व यांत्रिक आहे. परंतु दोषनोंद-प्रणालीत ‘प्रकाशन-टिपेत जावयाचा मजकूर’ असा एक स्वतंत्र रकाना ठेवलेला आहे आणि तो माणसाने भरावयाचा असतो. ज्याने बदल केला, त्यानेच, बदल ताजा असताना, वापरकर्त्याला समजेल अशा एक-दोन वाक्यांत तो काय आहे हे सांगावयाचे. यंत्र ते वाक्य केवळ उचलून योग्य जागी ठेवते. पाहण्यात आलेल्या पद्धतींपैकी ही पद्धत प्रस्तुत लेखकाला सर्वांत समंजस वाटते. रकाना रिकामा राहिलेल्या नोंदीही टिपेत दिसतात, आणि त्या वाचताना केवळ शीर्षकावरून अंदाज बांधावा लागतो.

यंत्राला न दिसणारे बदल

येथे तीन उदाहरणे पाहू. पहिले उदाहरण डेबियनच्या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक प्रसंगांपैकी आहे. २००६ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या गुप्तलेखनाच्या पॅकेजमध्ये परिरक्षकाने एक बदल केला. ‘वॅलग्राइंड’ हे स्मृतीतील दोष शोधणारे साधन वारंवार इशारे देत होते, ते थांबावेत हा हेतू. त्या बदलामुळे यादृच्छिक संख्या तयार करण्यासाठी लागणारी अनिश्चितता जवळजवळ नाहीशी झाली आणि चालू प्रक्रियेचा क्रमांक एवढाच बदलता घटक उरला. तो क्रमांक तेव्हा सामान्यतः ३२,७६८ च्या मर्यादेत असे, म्हणजे तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या मोजून काढता येण्याइतक्या थोड्या. लुचियानो बेयो यांना हा दोष आढळला आणि १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला. येथे महत्त्वाचे हे की, बदल लपविलेला नव्हता. बदलनोंदीत त्याची ओळ होती, दोषक्रमांकासह होती. दस्तऐवजीकरण नियमानुसार पूर्ण होते. त्या ओळीचा अर्थ जाणणाऱ्याच्या नजरेखाली ती वेळेवर गेली नाही.

दुसरे उदाहरण वर आलेल्या एक्सझेडचेच. तेथे चोरदरवाजा कार्यान्वित करणारा बांधणी-संकेत मूळ प्रकल्पाच्या गिट-भांडारात नव्हताच. तो केवळ प्रकाशित गठ्ठ्यात होता, तर त्याचे उरलेले भाग भांडारात चाचणीच्या फाइली म्हणून निरुपद्रवी नावाने ठेवले होते. म्हणजे कमिटच्या संदेशांवरून कितीही दक्षतेने नोंद तयार केली असती, तरी तीत हा बदल दिसला नसता. नोंद एका वस्तूची आणि वाटप दुसऱ्याच वस्तूचे, असा तो प्रकार होता. दोन गठ्ठे उघडून त्यांतील प्रत्यक्ष आशयाची तुलना करणारी ‘डिफोस्कोप’ सारखी साधने म्हणूनच महत्त्वाची आहेत. येथे एक बारकावा सांगण्याचा मोह आवरत नाही. फ्रॉइंड यांचा संशय ज्या खुणांवरून बळावला त्यांत दूरस्थ प्रवेशाला लागणारा किंचित अधिक वेळ होता आणि वॅलग्राइंडचे इशारेही होते. २००६ मध्ये ज्या साधनाचे इशारे गप्प करण्याच्या प्रयत्नात घात झाला, त्याच साधनाचे इशारे कोणी गप्प न केल्याने २०२४ मध्ये घात टळला.

तिसरे उदाहरण अधिक घरगुती आणि महाविद्यालयांच्या दृष्टीने अधिक निकडीचे आहे. कोहाचा सारा विदा ‘मारियाडीबी’ या विदागारात असू शकतो, आणि बहुधा असतो. डेबियन बारामधील मारियाडीबी १०.११ होती, तेरामध्ये ती ११.८ झाली. याद्यांची तुलना करणारा कार्यक्रम एवढेच सांगेल. परंतु मुख्य आवृत्ती बदलताना विदागार आधी व्यवस्थित बंद झालेले असणे आवश्यक आहे. ते मध्येच वीज जाऊन बंद पडलेल्या अवस्थेत असेल तर नव्या आवृत्तीला ते सावरता येत नाही. ही सूचना डेबियन तेराच्या प्रकाशन-टिपेत ‘दक्षता घ्यावयाच्या बाबी’ या प्रकरणात माणसांनी लिहिलेली आहे. त्याच प्रकरणात तात्पुरत्या फाइलींची निर्देशिका आता मूलतः स्मृतीत ठेवली जाते आणि ती स्मृतीचा निम्मा भाग व्यापू शकते, हेही सांगितले आहे. कमी स्मृतीच्या जुन्या सर्व्हरवर मोठ्या फाइली तेथे ठेवण्याची सवय असेल तर अडचण संभवते. यातील कोणतीही बाब क्रमांकांच्या तुलनेतून निघत नाही. भारनियमनाशी परिचय असलेल्या आपल्या ग्रामीण महाविद्यालयांनी पहिली सूचना तरी अवश्य वाचावी.

अलीकडे भाषिक प्रारूपांकडून बदलनोंदींचा गोषवारा करून घेण्याचे प्रयोगही होत आहेत. दीर्घ नोंदींची वर्गवारी करणे, पुनरुक्ती काढणे यासाठी ते उपयुक्त ठरू शकतात. परंतु जे नोंदीत नाही ते त्यांनाही सांगता येत नाही, आणि सुबक वाक्यरचनेमुळे उणीव झाकली जाण्याचा धोका वाढतो. गोषवाऱ्यातील प्रत्येक विधानासोबत मूळ नोंदीचा क्रमांक असावा, एवढी अट किमान पाळली जावी.

महाविद्यालयाच्या सर्व्हरवर

वर वर्णिलेली तुलना संपूर्ण डेबियनसाठी करण्याची महाविद्यालयाला गरज नाही. आपल्या सर्व्हरवर प्रत्यक्षात जी पॅकेजे आहेत, तेवढ्यांची पुरे. अद्ययावतीकरणापूर्वी ‘डीपीकेजी-क्वेरी’ या आज्ञेने स्थापित पॅकेजांची नावे व क्रमांक एका फाइलीत उतरवून घ्यावेत, नंतर पुन्हा उतरवावेत आणि दोन फाइलींची तुलना करून ती दिनांकासह जतन करावी. पॅकेज-व्यवस्थापक स्वतःही प्रत्येक कृतीची दैनंदिनी ठेवतो, परंतु जुन्या दैनंदिन्या कालांतराने पुसल्या जातात. दोन फाइली व त्यांतील फरक छापून ग्रंथालयाच्या नस्तीत लावण्यास दोन मिनिटे लागतात, आणि मूल्यांकनाच्या वेळी ‘आवृत्ती’ या रकान्यामागे खरा पुरावा उभा राहतो.

वगळलेल्या पॅकेजांच्या बाबतीत मात्र एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नव्या आवृत्तीतून पॅकेज काढले, याचा अर्थ ते आपल्या संगणकावरून गेले असा होत नाही. डेबियन बारामधून पायथॉन २ काढण्यात आले. तथापि अकरावरून बारावर आणलेल्या यंत्रावर ते पूर्वीसारखेच राहू शकते आणि त्यावर लिहिलेले जुने कार्यक्रम बिनतक्रार चालू शकतात. फक्त त्याला यापुढे डेबियनकडून सुरक्षा-दुरुस्ती मिळत नाही, आणि तसे सांगणारी कोणतीही सूचना पडद्यावर आपण होऊन येत नाही. अशी अनाथ पॅकेजे शोधण्यासाठी संगणकावरील यादीतून नव्या भांडाराची यादी वजा करावी लागते. ॲप्टमध्ये त्यासाठी ‘~ओ’ हा शोध-संकेत उपलब्ध आहे. प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर हा शोध चालवून आलेली यादी वरील दोन फाइलींसोबत नस्तीत ठेवावी, आणि यादीतील प्रत्येक नावापुढे ते का ठेवले आहे अथवा केव्हा काढले, हे ज्याने निर्णय घेतला त्याने हाताने लिहावे.